शरीरातील पाण्याचा जमाखर्च

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. मी कला शाखेचा पदवीधर, नोकरीने बँकेतला कारकून. मूत्रपिंड आणि संप्रेरके या विषयावर डॉक्टरांनी बोलावे, असे कोणी म्हणाले तर त्यात चूक काही नाही. पण मी येथे औषध सांगण्यासाठी उभा नाही. औषध डॉक्टरांनीच सांगावे. आपल्या शरीरात पाण्याचा आणि मिठाचा हिशोब कसा ठेवला जातो, हे वाचून समजून घ्यावे आणि आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगावे, एवढाच माझा हेतू आहे. आणि हिशोबाची गोष्ट निघाली की कारकुनाला चार शब्द बोलण्याचा हक्क आहेच!

हा विषय निवडण्याचे कारणही सांगतो. डायलिसिस हा शब्द एके काळी आपल्या वस्तीत कोणाला ठाऊक नव्हता. आज तो लहान मुलांनाही माहीत आहे. रक्तदाबाची गोळी तर घरोघरी आली. रोगांची नावे आपल्याला पाठ झाली, पण निरोगी शरीर आपले काम कसे करते हे मात्र आपण समजून घेतले नाही. त्यामुळे आपण गोळी मध्येच बंद करतो, जुलाब झाले की पाणी बंद करतो आणि अंग दुखले की दुकानातून कोणतीही गोळी आणून खातो. यात माणसे जातात. म्हणून हा विषय.

प्रथम शिल्लक पाहू. साठ किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे ३६ लिटर पाणी असते. स्त्रियांत हे प्रमाण थोडे कमी असते. या ३६ पैकी सुमारे २४ लिटर पाणी पेशींच्या आत असते आणि १२ लिटर पेशींच्या बाहेर. बाहेरच्या बारा लिटरपैकी रक्तातील पातळ भाग जेमतेम ३ लिटर भरतो. कोठे किती पाणी राहावे हे मुख्यतः मीठ ठरवते. जिकडे मीठ जास्त, तिकडे पाणी ओढले जाते. म्हणून शरीराला पाणी आणि मीठ या दोन्ही खात्यांची खतावणी एकत्रच सांभाळावी लागते.

ही खतावणी प्रत्यक्ष लिहिणारे कारकून म्हणजे आपली दोन मूत्रपिंडे. प्रत्येकाचे वजन साधारण दीडशे ग्रॅम, आकार मुठीएवढा. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. हृदयातून दर मिनिटाला जेवढे रक्त बाहेर पडते, त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या मूत्रपिंडांकडे जातो. तेथे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. पंधरा लिटरचा हंडा धरला तर बारा हंडे! आणि आपण लघवीवाटे बाहेर टाकतो किती? सुमारे दीड लिटर. बाकीचे सर्व पाणी परत रक्तात जमा होते.

विद्यार्थी विचारतील, परतच घ्यायचे तर एवढे गाळायचे कशाला? यात मोठी युक्ती आहे. शरीरात रोज कोणकोणती घाण तयार होईल याची यादी आधी करता येत नाही. म्हणून मूत्रपिंड आधी जवळजवळ सगळेच बाहेर काढते आणि मग उपयोगाचे तेवढे परत उचलते. साखर, मीठ, पाणी परत येते. नको ते मागे राहते. गाळलेल्या पाण्यापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग नळीच्या सुरुवातीलाच परत घेतला जातो. खरा प्रश्न उरतो तो शेवटच्या भागाचा. तो ठेवायचा की सोडायचा? हा निर्णय मूत्रपिंड एकटे घेत नाही. त्यासाठी वरून हुकूम येतो. हा हुकूम म्हणजेच संप्रेरक.

इंग्रजीत यासाठी जो हॉर्मोन हा शब्द आहे, तो अर्नेस्ट स्टार्लिंग या शास्त्रज्ञाने १९०५ साली लंडनच्या एका व्याख्यानात प्रथम वापरला. शरीराच्या एका भागात तयार होऊन रक्तावाटे दुसऱ्या भागाला कामाला लावणारा रासायनिक निरोप्या, असा त्याचा अर्थ. पाण्याच्या हिशोबात असे तीन निरोपे महत्त्वाचे आहेत.

पहिला निरोप्या मेंदूतून निघतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. रक्त किती दाट झाले हे तेथील पेशी सतत मोजत असतात. दाटपणात शंभरात एक-दोन भागांचा फरक पडला तरी त्यांना तो कळतो. तेथे तयार झालेले व्हासोप्रेसिन हे संप्रेरक वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीत साठवलेले असते. रक्त दाट झाले की ते रक्तात सोडले जाते आणि त्याच वेळी आपल्याला तहान लागते. व्हासोप्रेसिन मूत्रपिंडात पोहोचले की नळ्यांच्या शेवटच्या भागात पाण्याची सूक्ष्म दारे उघडतात आणि पाणी परत आत येते. अशी दारे पेशींना असतात हे अमेरिकेच्या पीटर अ‍ॅग्रे यांनी १९९२च्या सुमारास दाखवून दिले. त्यासाठी त्यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक वाटून मिळाले.

याचा पुरावा आपण रोज पाहतो. रात्रभर पाणी प्यालेले नसते, म्हणून सकाळची पहिली लघवी गडद आणि थोडी असते. तांब्याभर पाणी प्यालो की ती फिकी होते. हा हुकूम अजिबात निघाला नाही तर काय होते? मधुमेहाहून वेगळा असा एक दुर्मिळ आजार आहे. त्यात माणसाला दिवसाला दहा लिटर आणि त्याहूनही जास्त लघवी होते. पण तिच्यात साखर नसते. १९१३ साली इटलीत फारिनी आणि जर्मनीत फॉन डेन वेल्डेन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचला आणि लघवी आटोक्यात आली. नेहमीच्या मधुमेहात गोष्ट निराळी असते. तेथे लघवीत उतरलेली साखर आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून घरात कोणाला फार तहान आणि फार लघवी होऊ लागली तर आधी साखर तपासून घ्यावी.

येथेच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दारू ही या संप्रेरकाला दाबून टाकते. पाण्याची दारे बंद राहतात आणि प्याल्यापेक्षा जास्त पाणी बाहेर जाते. दिवसभर उन्हात राबून आलेला माणूस तहान आणि शीण घालवायला दारूकडे वळतो, तेव्हा तो आटलेल्या विहिरीतूनच आणखी उपसा करीत असतो.

दुसरा निरोप्या थोडा गुंतागुंतीचा आहे, पण आपल्या आयुष्याशी त्याचाच जास्त संबंध आहे. मूत्रपिंड केवळ हुकमाचा ताबेदार नाही, ते स्वतःही हुकूम काढते. रक्तदाब उतरला किंवा मीठ कमी पडले की मूत्रपिंडातून रेनिन नावाचा पदार्थ रक्तात येतो. १८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला, तेव्हा त्यांचा रक्तदाब वाढला. त्यावरून रेनिनचा शोध लागला. पण जगाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १९३४ साली अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी चिमट्याने अरुंद केली आणि रक्तदाब कायमचा वाढतो हे दाखवले. तेव्हा कोठे शास्त्रज्ञ पुन्हा रेनिनकडे वळले.

रेनिन स्वतः फारसे काही करीत नाही. यकृताने रक्तात सोडलेल्या एका प्रथिनाचा ते तुकडा पाडते. त्या तुकड्यावर, मुख्यतः फुफ्फुसात, दुसरे एक विकर काम करते आणि अँजिओटेन्सिन तयार होते. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सही होत होत जावा, तसा हा प्रकार. या अँजिओटेन्सिनचा शोध १९४०च्या सुमारास अर्जेंटिनातील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांना स्वतंत्रपणे लागला. दोघांनी दोन नावे दिली. पुढे १९५८ साली दोन्ही नावांतले अर्धे-अर्धे घेऊन आजचे नाव ठरले. विज्ञानात भांडण मिटवायची ही रीत आपल्या संस्थांनीही घेण्यासारखी आहे!

अँजिओटेन्सिन तीन कामे करते. रक्तवाहिन्या आवळून दाब वाढवते, तहान लावते आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना जागे करते. या ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडतात. लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्प्सन आणि जेम्स टेट यांनी सहकाऱ्यांसह १९५३ साली ते वेगळे काढले. त्याचे काम म्हणजे लघवीतून जाणारे मीठ परत घेणे आणि पोटॅशियम बाहेर टाकणे. मीठ परत आले की त्याच्यामागे पाणी येते आणि रक्ताचे आकारमान टिकते. या ग्रंथीच निकामी झाल्या तर काय होते, हे थॉमस अ‍ॅडिसन या इंग्रज डॉक्टरांनी १८५५ साली नोंदवले होते. माणूस गळून जातो, नाडी मंद होते, कातडी काळवंडते आणि उपचार न झाल्यास तो दगावतो.

तिसरा निरोप्या हृदयातून येतो. हृदय हा केवळ पंप, अशी समजूत होती. १९८१ साली कॅनडात अडोल्फो द बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि त्यांच्या लघवीतून मीठ व पाणी झपाट्याने बाहेर पडू लागले. रक्त प्रमाणाबाहेर वाढले की हृदयाच्या भिंती ताणल्या जातात आणि हृदय जणू चिठ्ठी पाठवते की आता साठा पुरे, थोडा खर्च करा. पहिले दोन निरोपे बचतीचे, हा तिसरा खर्चाचा.

जाता जाता हेही सांगतो की मूत्रपिंड तांबड्या रक्तपेशी वाढवणारे एक संप्रेरक तयार करते आणि ड जीवनसत्त्वाला कामाच्या रूपात आणते. म्हणूनच मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाचे रक्त कमी होते आणि हाडे ठिसूळ होतात. हा नुसत्या लघवीचा आजार नव्हे.

मित्रहो, एवढे सगळे सांगितले ते एका वाक्यासाठी. हे वाक्य घरी घेऊन जा: संप्रेरके पाण्याची बचत करू शकतात, कमाई करू शकत नाहीत. कितीही काटकसर केली तरी दिवसभरातली घाण विरघळवून बाहेर टाकायला मूत्रपिंडाला किमान अर्धा लिटर पाणी लागतेच. श्वासातून आणि कातडीतून जाते ते निराळे. घाम, जुलाब, ताप यांत जाते ते आणखी निराळे. जमेची बाजू आपण तोंडाने भरावी लागते. खाते रिकामे असेल तर कितीही हुशार कारकून काय करणार? दुसरी बाजू अशी की शरीर शेवटपर्यंत हिशोब जुळवत राहते, त्यामुळे आतले नुकसान बाहेर दिसत नाही. या दोन गोष्टींवरून आपण काय करायचे ते आता क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट, जुलाब-उलट्या. जुलाब लागले की पाणी बंद करण्याची चाल अजून काही घरांत आहे. ती घातक आहे, लहान मुलांच्या बाबतीत तर फारच. नुसते पाणी पुरत नाही, मीठही गेलेले असते. साखर असली की आतड्यातून मीठ आत ओढले जाते आणि त्यामागे पाणी जाते. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसे मरत होती. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास खाली आले. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. ओआरएसचे पाकीट सरकारी दवाखान्यात मिळते. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ याहून जास्त नको. घोट-घोट पाजत राहावे आणि दवाखाना गाठावा.

दुसरी गोष्ट, उन्हातले कष्ट. मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर आणि निकाराग्वा या देशांत ऐन तारुण्यातल्या ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडे निकामी झालेली आढळली. त्यांच्यात मधुमेह नव्हता, आधीपासूनचा रक्तदाबही नव्हता. रणरणत्या उन्हातले श्रम आणि पुन्हा पुन्हा शरीरातले पाणी आटणे, हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. आपल्या बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे दरवर्षी कोयता घेऊन बाहेर पडतात. बांधकामावर, वीटभट्टीवर आपलीच माणसे आहेत. पाणी, सावली आणि मधली विश्रांती ही मुकादमाची मेहेरबानी नव्हे, ती कामाची अट असली पाहिजे.

तिसरी गोष्ट माता-भगिनींची. कामाच्या जागी, बाजारात, प्रवासात स्वच्छतागृह नसते म्हणून अनेक बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. शरीर बिचारे व्हासोप्रेसिन सोडून लघवी दाट करीत राहते. पुढे लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, मुतखडा यांना तोंड द्यावे लागते. डॉक्टर म्हणतात, भरपूर पाणी प्या. पण जायचे कोठे, हे कोणी सांगत नाही. हा बाईचा हट्ट नाही, ही सोयीची उणीव आहे. आपल्या मंडळाने नगरपालिकेकडे आणि ठेकेदारांकडे करायच्या मागण्यांत ही मागणी वर असावी, अशी माझी विनंती आहे.

चौथी गोष्ट, रक्तदाब. पेन्शनच्या दिवशी आमच्या काउंटरपुढच्या रांगेत एक वाक्य हमखास ऐकू येते: “आता बरं वाटतंय, म्हणून गोळी बंद केली.” ही गोळी काय करते ते समजून घ्या. ब्राझीलमधील जराराका या विषारी सापाच्या विषावर सेर्जिओ फेरेरा या तरुण शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात काम केले. अँजिओटेन्सिन तयार होण्याची वाट अडवणारे घटक त्या विषात आहेत हे पुढे कळले. त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल हे औषध तयार झाले आणि १९८१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आज ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असते त्या या घराण्यातल्या. ज्यांच्या शेवटी ‘सार्टन’ असते, जशी टेल्मिसार्टन, त्या अँजिओटेन्सिनला त्याच्या जागेवर बसू देत नाहीत. म्हणजे गोळी हुकूम अडवून धरते, हुकूम काढणारे टेबल बंद करीत नाही. गोळी थांबली की हुकूम पुन्हा सुरू. बरे वाटते ते गोळीमुळेच. मात्र गर्भवती स्त्रियांनी या गोळ्या घ्यायच्या नसतात, आणि फार जुलाब-उलट्या होत असतील तर गोळी चालू ठेवायची की नाही हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. गोळीबरोबर मीठही आवरा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक सपाट चहाचा चमचादेखील नाही. लोणचे, पापड, सुकट, फरसाण यांतले मीठही त्यातच मोजायचे.

पाचवी गोष्ट, वेदनाशामक गोळ्या. शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा चालू ठेवायला तेथे काही विशेष द्रव्ये तयार होतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या नेमकी तीच द्रव्ये रोखतात. दिवसभर उन्हात काम, पाणी कमी आणि रात्री अंगदुखीची गोळी, हे रोजचे झाले तर मूत्रपिंडाला मार बसतो. ज्याला आधीच मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी गोळी तोंडात घालू नये.

आणि शेवटची गोष्ट, तपासणी. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते तेव्हा बऱ्याचदा मूत्रपिंडाचे निम्मे काम गेलेले असते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, रक्तातील साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. घरात कोणाला मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा स्वतःला मधुमेह असेल तर चाळिशीची वाट पाहू नये. ज्यांची मूत्रपिंडे खरोखर निकामी झाली आहेत, त्यांना ‘भरपूर पाणी प्या’ असा सल्ला प्रेमानेही देऊ नका. त्यांच्या शरीरात आलेले पाणी बाहेर जात नाही, पायावर आणि फुफ्फुसात साठते. त्यांचे पाणी डॉक्टरांनी मोजून दिलेले असते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी परिचारिका, कोणी प्रयोगशाळेत काम करील. आजपासून करण्यासारखे एक काम मात्र सर्वांना जमण्यासारखे आहे. घरी आजी-आजोबांच्या गोळ्यांच्या पाकिटावरचे नाव वाचा, ती कशासाठी आहे हे विचारून घ्या आणि त्यांना त्यांच्या भाषेत सांगा. वस्तीतल्या चार घरांत ओआरएस कसे करायचे ते दाखवा. शिकलेल्या माणसाच्या शिक्षणाचा उपयोग शेजारच्या घराला झाला, तरच ते शिक्षण खात्यावर जमा झाले असे मी मानतो.